अमेरिकेत टीए व्हायचंय? बोलण्याच्या इंग्रजीच्या अटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस किंवा पीएचडीसाठी अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींना ॲडमिशनचं, व्हिसाचं, सामानाच्या वजनाचं सगळं तोंडपाठ असतं. पण टीएशिप (टीचिंग असिस्टंटचं, म्हणजे स्वतः शिकता शिकता पदवीच्या मुलांना शिकवण्याचं काम) मिळाली तरी वर्गात उभं राहण्याआधी बोलण्याच्या इंग्रजीची वेगळी अट पूर्ण करावी लागते, हे अनेकांना ऑगस्टमध्ये तिथे पोचल्यावर कळतं. मी एका अमेरिकन विद्यापीठात टीए म्हणून स्टॅटिस्टिक्सचे वर्ग घेतले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातून येणाऱ्या मुलांची या परीक्षेसाठी तयारी करून घेते. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी माहिती अमेरिकेपुरती आहे.

प्रश्न: ही अट नेमकी कोणाला लागू होते?

ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही आणि ज्यांना टीए म्हणून पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं आहे, त्यांना. प्राध्यापक मोठ्या हॉलमध्ये शे-दोनशे मुलांना लेक्चर देतात आणि त्याच मुलांच्या वीस-पंचवीसच्या तुकड्या टीएकडे येतात. तिथे गणितं सोडवून दाखवायची, लॅब घ्यायची, ऑफिस अवर्समध्ये शंका सोडवायच्या, पेपर तपासायचे. पूर्ण टीएशिप म्हणजे साधारण आठवड्याला २० तासांचं काम. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर त्याहून जास्त काम करताही येत नाही. मोबदल्यात ट्यूशन, म्हणजे विद्यापीठाची फी, पूर्ण किंवा बरीचशी माफ होते आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. घरच्यांनी कर्ज काढायचं की नाही, हे पुष्कळदा या एका कामावर ठरतं. म्हणून ही अट हलक्यात घेऊ नका.

फक्त पेपर तपासणारा ग्रेडर किंवा प्रयोगशाळेत संशोधन करणारा आरए (रिसर्च असिस्टंट) असेल, तर बहुतेक ठिकाणी ही अट नसते. मुलांसमोर बोलायचं असेल, तर असते.

प्रश्न: ॲडमिशनच्या वेळी टोफेल ही इंग्रजीची परीक्षा दिलीच आहे. आता पुन्हा काय?

ॲडमिशनला एकूण गुण बघतात. टीएशिपला बघतात फक्त बोलण्याचे गुण. वाचन आणि लेखनात ३० पैकी २९ मिळवून एकूण १०५ झालेल्या मुलाचे स्पीकिंगचे गुण २१ असू शकतात. तो ॲडमिशनला उत्तम, पण वर्गावर पाठवायला अपुरा ठरतो. आपल्याकडच्या मुलांच्या निकालपत्रात स्पीकिंगचा आकडा इतर तिन्हींपेक्षा खाली असल्याचं मी वारंवार पाहिलं आहे. त्यामुळे निकाल आला की आधी एकूण बेरीज बघू नका, तो आकडा बघा.

प्रश्न: मग स्पीकिंगमध्ये किती गुण हवेत?

एकच आकडा सगळीकडे नाही. ३० च्या जुन्या मापात २४ ते २८ या पट्ट्यात बहुतेक विद्यापीठांची रेषा पडते. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठानं २४ धरले आहेत, इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठानं २७. म्हणजे २५ गुणांवर तुम्ही इलिनॉयमध्ये थेट वर्गावर जाल आणि शेजारच्याच इंडियाना राज्यात तुम्हाला विद्यापीठाची स्वतःची परीक्षा द्यावी लागेल. कधीकधी एकाच विद्यापीठातला एखादा विभाग ग्रॅज्युएट स्कूलपेक्षा (एमएस-पीएचडीचा कारभार बघणाऱ्या कार्यालयापेक्षा) वरचे गुण मागतो. हे आकडे बदलतातही, त्यामुळे सीनियरनं सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचं ग्रॅज्युएट स्कूलचं पान उघडून बघा.

टोफेलचे गुण दोन वर्षंच ग्राह्य असतात, हेही ध्यानात ठेवा. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा टीएशिप मिळाली तर जुनं निकालपत्र कामाला येईलच असं नाही.

प्रश्न: टोफेलची गुणपद्धत बदलली आहे. आता कसं धरायचं?

२१ जानेवारी २०२६ पासून टोफेल आयबीटीचे गुण १ ते ६ या मापात, अर्ध्या-अर्ध्या पायरीनं दिले जातात. स्पीकिंगचं स्वरूपही बदललं आहे: ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणायचं आणि मुलाखतीसारख्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं द्यायची. पूर्वीसारखा तयारीला वेळ घेऊन, उतारा वाचून, टिपणं काढून बोलण्याचा भाग त्यात नाही. त्यामुळे जुनी पुस्तकं आणि क्लासमध्ये पाठ करून घेतलेले साचे फारसे उपयोगी पडणार नाहीत. मला हा बदल टीएच्या दृष्टीनं बरा वाटतो, कारण वर्गात कोणी तयारीला वेळ देत नाही.

विद्यापीठाच्या पानावर '२६' लिहिलं असेल आणि तुमच्या निकालपत्रावर '४.५' असेल, तर अंदाज बांधत बसू नका. कोणत्या मापातला आकडा धरता, हे ईमेलनं विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा.

प्रश्न: आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगो चालते का?

आयईएलटीएस पुष्कळ ठिकाणी चालते. तिथेही स्पीकिंगचा बँड बघतात आणि इलिनॉय, पर्ड्यूसारख्या ठिकाणी तो ८ लागतो. एकूण बँड ८ असून उपयोग नाही. आयईएलटीएसमध्ये समोर माणूस असतो आणि ११ ते १४ मिनिटं गप्पा मारल्यासारखी परीक्षा होते. यंत्रासमोर ज्यांची जीभ जड होते त्यांना मी हीच सुचवते. ड्युओलिंगो ॲडमिशनला बऱ्याच ठिकाणी घेतात, पण टीएशिपच्या अटीसाठी ती नाकारणारी विद्यापीठं आहेत. आधी विचारून घ्या.

प्रश्न: बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंत माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातूनच झालं. तरीही परीक्षा?

बहुतेक ठिकाणी, हो. कॉलेजकडून शिक्का मारून आणलेलं 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन' प्रमाणपत्र काही विद्यापीठांत ॲडमिशनच्या टोफेलमधून सूट देतं. टीएशिपचा नियम मात्र वेगळा लिहिलेला असतो आणि सूट मिळणाऱ्या देशांच्या यादीत भारताचं नाव अनेकदा नसतं. ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात पदवीचं सगळं शिक्षण फक्त इंग्रजीतून झालेल्यांना तोंडी परीक्षेतून सूट देण्याची पद्धत आहे. तेव्हा तुमच्या विद्यापीठात अशी सोय असेल तर कागदपत्रं आधीच पाठवा.

हा प्रश्न विचारताना मुलांच्या आवाजात राग असतो आणि तो मला समजतो. पण आपल्या कॉलेजांत प्रत्यक्षात काय होतं ते आठवून बघा. पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी, फळ्यावरचं इंग्रजी. सर मात्र समजावून सांगतात ते मराठी-हिंदी-इंग्रजीच्या मिसळीत, आणि मित्राला डेरिव्हेशन समजावताना आपण 'हे बघ, इथे हे कॅन्सल झालं' असंच म्हणतो. ओरल्सला एक्स्टर्नल प्रश्न विचारतात आणि आपण दोन शब्दांत व्याख्या सांगून मोकळे होतो. चार वर्षांत सलग पाच मिनिटं इंग्रजीत एखादी गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगण्याची वेळ किती जणांवर येते? तेवढंच ही परीक्षा तपासते. तुमची पदवी खोटी आहे, असं तिला म्हणायचं नसतं.

प्रश्न: ही अट आली कुठून?

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या गणित, इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या विभागांत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या झपाट्यानं वाढली आणि पहिल्या वर्षाचे वर्ग त्यांच्या हाती आले. टीएचं बोलणं कळत नाही, अशा तक्रारी मुलांनी आईवडिलांकडे केल्या, आईवडिलांनी आमदारांकडे. एकामागून एक राज्यांनी कायदे केले. ओहायो, मिसुरी, इलिनॉय, टेक्सस, फ्लोरिडा यांचे कायदे त्या दशकातले. पेनसिल्व्हेनियाचा उच्च शिक्षणातल्या इंग्रजी प्रभुत्वाचा कायदा १९९० चा. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ही अट प्राध्यापकाच्या मर्जीवर नाही. तुमचा गाइड कितीही भला असला तरी तो ती माफ करू शकत नाही.

सुरुवातीला टोफेलमध्ये बोलण्याची परीक्षाच नव्हती. टोफेल घेणारी ईटीएस ही संस्था टीएसई नावाची वेगळी तोंडी परीक्षा घेई आणि तिचे वापरून झालेले संच 'स्पीक' या नावानं विद्यापीठांना विकत असे. तिथे २० ते ६० मध्ये गुण देत आणि बहुतेक ठिकाणी ५० ला पास धरत. २००५ मध्ये टोफेल आयबीटी आली आणि बोलणं मुख्य परीक्षेतच आलं. तरीही अनेक विद्यापीठांनी स्वतःच्या परीक्षा ठेवल्या, कारण संगणकासमोर बोलणं आणि वर्गासमोर बोलणं यांत फरक आहे. ते मला पटतं.

प्रश्न: विद्यापीठाची स्वतःची परीक्षा कशी असते?

ढोबळमानानं दोन प्रकार. पहिला संगणकावरचा. पर्ड्यूची ओईपीटी ही अशी परीक्षा आहे. हेडफोन लावून बसायचं आणि पडद्यावर येईल त्यावर बोलायचं: उतारा मोठ्यानं वाचा, आलेख समजावून सांगा, ऐकलेल्या संभाषणाचा सारांश द्या, गुणांवरून नाराज झालेल्या विद्यार्थ्याला काय सांगाल ते बोला. गुण ३५ ते ६०, पास ५० ला. ४५ मिळाले तर इंग्लिश ६२० नावाचा कोर्स करून पुढे जाता येतं.

दुसरा प्रकार खऱ्या वर्गासारखा. तुमच्या विषयातली पहिल्या वर्षाची एखादी संकल्पना घेऊन पाच-दहा मिनिटं शिकवायचं. समोर दोन परीक्षक, काही ठिकाणी सोबत पदवीची एक-दोन मुलंही, आणि मध्येच प्रश्न. आयोवा स्टेटच्या परीक्षेत आधी मुलाखत आणि मग असा छोटा पाठ, असे दोन भाग असतात. यूसीएलएच्या टॉप या परीक्षेतही स्वतःची ओळख, अभ्यासक्रमासारखं एखादं पान समजावून सांगणं आणि मग छोटा पाठ असतो. तिथे ७.१ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे सरळ पास, ६.४ ते ७.० म्हणजे सशर्त पास: वर्ग मिळतो, पण सोबत इंग्रजीचा कोर्स करावा लागतो. कार्नेगी मेलनमध्ये पास आणि नापास यांच्यामध्ये मर्यादित कामाची परवानगी देणाऱ्या पायऱ्या आहेत.

या परीक्षा सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यात होतात. काही विद्यापीठं त्या झूमवर, तुम्ही भारतात असतानाच घेतात. तशी सोय असेल तर जरूर घ्या. वीस तासांचा प्रवास आणि झोपेचं खोबरं झाल्यावर तिसऱ्या दिवशी परीक्षा देणं कोणाच्याच हिताचं नसतं.

प्रश्न: पाठासाठी विषय कसा निवडू?

सोपा. अगदी बारावीतला. आपली मुलं परीक्षकांवर छाप पडावी म्हणून थीसिसचा विषय घेतात आणि तिथेच फसतात. परीक्षक भाषेचे लोक असतात. त्यांना तुमचं ज्ञान मोजायचं नसतं, त्यांना काही कळलं का, हे मोजायचं असतं.

उदाहरण देते. स्टँडर्ड डेव्हिएशन घेतलं. पुष्कळ जण पाठ करून फळ्यावर सूत्र लिहितात आणि एकेका चिन्हाचा अर्थ सांगत सुटतात. सांगलीकडच्या एका मुलीनं माझ्यासमोर सराव करताना असंच केलं. मग तिला म्हटलं, सूत्र शेवटी. आधी फळ्यावर दोन ओळींत आकडे लिही: एका वर्गाचे गुण ६८, ७०, ७२ आणि दुसऱ्याचे ४०, ७०, १००. विचार, दोन्हींची सरासरी किती? ७०. मग हे दोन वर्ग सारखे आहेत का? इथे थांब आणि समोरच्याकडे बघ. कोणीतरी म्हणेल, दुसऱ्यात गुण पसरलेले आहेत. तो शब्द उचल, त्याच्याखाली रेघ मार आणि सांग की हा पसारा मोजायचा एक आकडा आपल्याला हवाय. आता सूत्र लिही. बोलणं तेवढंच होतं, इंग्रजीही तेच. पण आता तिच्या वाक्यांना थांबे मिळाले, प्रश्न आले, आणि ऐकणाऱ्याला पुढे काय येणार याचा अंदाज येऊ लागला.

क्रिकेटची उदाहरणं टाळा. रन रेटवरून सरासरी समजावणं आपल्याला फार सुचतं आणि तिथे कोणालाच कळत नाही. लाख-कोटीही नकोत.

प्रश्न: अमेरिकन ॲक्सेंट शिकावा लागेल का?

नाही. परीक्षक लहेजाला गुण देत नाहीत, कळतं की नाही याला देतात. नाकातून बोलून, प्रत्येक 'र' ला जीभ वळवून आणलेला उसना लहेजा दोन मिनिटांत गळून पडतो आणि मग दोन्हीकडचे उच्चार एकत्र येऊन ऐकणारा जास्त गोंधळतो. तुमचा मराठी वळणाचा आवाज तसाच राहू द्या. दुरुस्त करायचं ते नेमकं, मोजकंच.

प्रश्न: मग मराठी माणसाचं नेमकं काय अडतं?

सर्वांत आधी वेग. आपण घाईनं बोलतो, आणि घाबरलो की आणखी घाईनं. अमेरिकन कान थांब्यांवरून अर्थ लावतो. एका दमात तीन वाक्यं आली की त्याचा धागा सुटतो. अर्थाचा एक तुकडा, मग छोटा थांबा, मग पुढचा तुकडा.

त्याच्या खालोखाल शब्दातला जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजीत एक अक्षर ठळक आणि बाकीची पुसट असतात, आणि ठळक अक्षर चुकलं तर ओळखीचा शब्दही ओळखू येत नाही. पॅरामीटर मध्ये जोर 'रॅ' वर, ॲनालिसिस मध्ये 'नॅ' वर, कंपोनंट मध्ये 'पो' वर, डेव्हलप मध्ये 'व्हे' वर, हायपॉथिसिस मध्ये 'पॉ' वर. तुमच्या विषयातले रोज लागणारे चाळीस-पन्नास शब्द काढा, ऑनलाइन शब्दकोशात एकेक ऐका आणि ठळक अक्षराखाली रेघ मारा. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त फायदा याच कामाचा होतो.

मग काही ध्वनी. आपला 'प' हवा न सोडता येतो, त्यामुळे शब्दाच्या सुरुवातीला अमेरिकन कानाला तो 'ब' वाटतो. 'पी-व्हॅल्यू' ची 'बी-व्हॅल्यू' होते, आणि फळ्यावर पी आणि बी दोन्ही असतील तर गोंधळ ठरलेला. ओठ मिटूनच म्हणा, पण जोडीला हवा सोडा. तोंडासमोर धरलेला कागद हलला पाहिजे. 'ट' आणि 'क' ला तेच लागू. दुसरं, 'वेव्ह व्हेलॉसिटी'. पहिल्या व ला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. आपण दोन्ही एकाच जागी म्हणतो. 'थ' ची फार काळजी करू नका, त्यानं अर्थ क्वचितच बिघडतो.

प्रश्न: शब्दांचं काय? काही भारतीय शब्द चालत नाहीत म्हणे.

इंग्रजी बरोबर असूनही ज्यावर वर्ग थबकतो असे शब्द आहेत. गुणाकाराला आपण 'इनटू' म्हणतो, तिथे 'टाइम्स' म्हणतात. '५ इनटू ३' ऐकून मुलं भागाकार करायला बसतात. भागाकाराला 'अपॉन' ऐवजी 'ओव्हर'. 'एफ डॅश' ऐवजी 'एफ प्राइम'. 'झेड' ऐवजी 'झी'. 'टेन रेझ्ड टू थ्री' ऐवजी 'टेन टू द थर्ड'. 'एनी डाउट्स?' विचारलंत तर मुलांना वाटतं की तुमच्यावर कोणाला अविश्वास आहे का, असं विचारताय. तिथे 'क्वेश्चन्स' म्हणा.

प्रॅक्टिकलला 'लॅब', मार्कांना 'पॉइंट्स', पेपर तपासण्याला 'ग्रेडिंग', सुपरव्हिजनला 'प्रॉक्टरिंग'. 'जर्नल' म्हणालात तर मुलं संशोधनाचं नियतकालिक शोधतील, त्याला 'लॅब रिपोर्ट' किंवा 'लॅब नोटबुक' म्हणतात. खोडरबराला 'इरेझर' म्हणायचं, 'रबर' अजिबात नाही. तिथे त्याचा अर्थ निरोध होतो.

प्रश्न: विद्यार्थ्याचा प्रश्नच कळला नाही तर?

हे होणारच. परीक्षेत तर मुद्दाम भरभर, अर्धवट वाक्यांत प्रश्न विचारतात. इथे आपली मुलं हमखास एक गोष्ट करतात: मान डोलावतात आणि आपल्याला वाटलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. त्यानं गुण जातात. प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणा, 'तुम्ही विचारताय की इथे एनच्या जागी एन वजा एक का घेतलं, बरोबर?' समोरचा हो म्हणाला की उत्तर द्या, आणि शेवटी उत्तर मिळालं का, ते विचारा. या तीन पायऱ्यांना गुणतक्त्यात जागा असते. शिवाय प्रश्न पुन्हा म्हटल्यामुळे मागच्या बाकावरच्यांनाही तो ऐकू जातो.

उत्तर येत नसेल तर बघून सांगते म्हणा. आपल्याकडे मास्तरांनी असं म्हणणं कमीपणाचं वाटतं. तिथे वाटत नाही.

प्रश्न: नापास झालो तर टीएशिप जाते का? व्हिसाचं काय?

बहुतेक वेळा टीएशिप लगेच जात नाही, काम बदलतं. मुलांसमोर उभं न करता पेपर तपासायला, लॅबची मांडणी करायला किंवा अभ्याससाहित्य तयार करायला देतात. सोबत एक सत्र बोलण्याच्या इंग्रजीचा कोर्स करायचा आणि मग पुन्हा परीक्षा. पण हे विभागाकडे असं काम आणि पैसे आहेत का, यावर अवलंबून असतं. लहान विभागात अडचण होऊ शकते.

म्हणून ऑफर लेटर सही करण्याआधी नीट वाचा. 'इंग्रजीची अट पूर्ण करण्याच्या अधीन राहून' अशा अर्थाचं वाक्य असेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला सरळ विचारा: पहिल्या सत्रात अट पूर्ण झाली नाही तर माझा स्टायपेंड आणि ट्यूशन वेव्हर चालू राहील का? किती सत्रांची मुदत असते? कोर्सची फी कोण भरतं? तो कोर्स माझ्या पदवीच्या क्रेडिटमध्ये धरला जातो का? हे विचारणं उद्धटपणाचं नाही. त्यांना याची सवय असते.

व्हिसा या परीक्षेवर टांगलेला नसतो. नापास झाल्यानं एफ-१ स्टेटस जात नाही. मात्र तुमच्या आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेल्या कागदावर) खर्चाची सोय म्हणून टीएशिप दाखवलेली असेल आणि तीच गेली, तर इंटरनॅशनल ऑफिसमधल्या सल्लागाराला लगेच भेटा आणि पैशांची दुसरी सोय कागदावर आणा.

प्रश्न: आमचीच परीक्षा का? हा भेदभाव नाही का?

याचं उत्तर मी टाळणार नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीनं कॅल्क्युलससाठी मोठी फी भरली आहे. तिला शिकवणाऱ्याचं बोलणं कळलं पाहिजे, ही मागणी रास्त आहे. आपल्या मुलांसाठी आपणही तीच केली असती.

पण सगळं ओझं बोलणाऱ्यावर टाकणं चूक आहे, आणि त्याला पुरावा आहे. १९९२ मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतच वाढलेल्या एका स्त्रीच्या आवाजातलं एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान पदवीच्या मुलांना ऐकवलं. काहींना सोबत गोऱ्या स्त्रीचा फोटो दाखवला, काहींना आशियाई स्त्रीचा. आवाज तोच, शब्द तेच. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना व्याख्यान कमी समजलं. म्हणजे न समजण्याचा काही भाग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत असतो, आणि तो तुमच्या कोणत्याही सरावानं जाणार नाही. विद्यापीठांनी पदवीच्या मुलांनाही वेगवेगळी इंग्रजी ऐकायला शिकवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तसं फार थोड्या ठिकाणी होतं. तोवर वर्गात कोणी चेहरा वाकडा केला, तर दोष नेहमी तुमच्या इंग्रजीचाच आहे, असं धरून चालू नका.

प्रश्न: माझी शाळा मराठी माध्यमाची. मी मागे पडेन का?

नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं या परीक्षेत इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पुढे गेलेली मी पाहिली आहेत. ती जपून बोलतात, छोटी वाक्यं करतात, समोरच्याला कळलं का ते बघतात. व्याकरणाच्या बारीकसारीक चुकांनी फारसं बिघडत नाही. शब्द अडला तर दोन सेकंद थांबा, सोप्या शब्दांत सांगा, पुढे चला. भरभर बोलणं म्हणजे चांगलं बोलणं, हा समज मात्र काढून टाका.

प्रश्न: निघायला तीन महिने आहेत. काय करू?

रोज एक संकल्पना निवडा आणि मोबाइल समोर ठेवून ती पाच मिनिटं शिकवा, उभं राहून, लिहीत-लिहीत. मग रेकॉर्डिंग ऐका. आधी फक्त वेग आणि थांबे बघा, पुढच्या आठवड्यात जोर, त्यानंतर ध्वनी. सगळं एकदम सुधारायला गेलात तर काहीच सुधारत नाही. स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला नको वाटतो, ते आठवड्याभरात जातं.

आठवड्यातून एकदा खऱ्या माणसाला शिकवा. विषय न येणारा श्रोता उत्तम: कॉमर्सची बहीण, बारावीतला शेजारचा मुलगा. त्यांना मध्येच टोकायला सांगा. तुमच्या विषयाची अमेरिकन विद्यापीठांतली पहिल्या वर्षाची लेक्चर्स यूट्यूबवर फुकट आहेत, एमआयटीची तर भरपूर आहेत. ती विषयासाठी नाही, तर शिकवणारा कुठे थांबतो आणि प्रश्न कसा घेतो, हे बघण्यासाठी ऐका. फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय असेल तर तीही आत्ताच मोडा. लिहून झालं, वळलं, मग बोललं.

प्रश्न: परीक्षा पास झाल्यावर पहिल्या वर्गात काय करावं?

नाव फळ्यावर लिहा आणि कसं म्हणायचं ते सांगा, मुलांना ते हवं असतं. तुमच्या बोलण्यात काही कळलं नाही तर हात वर करून थांबवा, असं पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. महत्त्वाचा प्रत्येक शब्द बोलता बोलता फळ्यावरही लिहा. तीन-चार आठवड्यांनी एक कोरा कागद वाटा आणि नाव न घालता दोन ओळी लिहून घ्या: काय कळतंय, काय कळत नाही. सत्राच्या शेवटी विद्यापीठ जे अधिकृत मूल्यमापन घेतं त्याची वाट बघू नका, ते तुमच्या हाती येईपर्यंत ती मुलं निघून गेलेली असतात.